फोटो सेव्ह होताना अडतो कुठे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यात कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या बऱ्याच पत्रांत एकच तक्रार आहे: कोड चालतो, पण फोटो लहान करताना किंवा सेव्ह करताना अडतो. बहुतेकांनी सेव्हची ओळच पुन्हा पुन्हा बदलून पाहिली आहे. एरर त्या ओळीवर दिसते हे खरं, पण बिघाड बऱ्याचदा त्याच्या दोन-चार ओळी आधी, फाइल उघडतानाच झालेला असतो. म्हणून पुढची उत्तरं वाचण्याआधी एवढं करा: पायथनची पिलो लायब्ररी वापरत असाल तर सेव्हच्या आधी फोटोचा फॉरमॅट, मोड (पिक्सेलमध्ये रंग कसे साठवले आहेत ते) आणि साइझ या तीन गोष्टी प्रिंट करून बघा. निम्म्या पत्रांचं उत्तर त्या एका ओळीत मिळेल. कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टाइप करताना नेहमीच्या स्पेलिंगनेच करा.

प्रश्न: कोल्हापुरी चपलांचं ऑनलाइन दुकान आहे. फोटोग्राफर बॅकग्राउंड कापून पीएनजी फाइली देतो. त्या जेपीजी करताना ‘कॅनॉट राइट मोड आरजीबीए अ‍ॅज जेपेग’ अशी एरर येते. नेटवर बघून कन्व्हर्ट आरजीबी जोडलं. एरर गेली, पण चपलेच्या मागे काळं बॅकग्राउंड आलं आणि कडेला दाते पडल्यासारखे दिसतात.
— राजारामपुरी

उत्तर: तुमच्या पीएनजीत प्रत्येक पिक्सेलचे चार आकडे आहेत: लाल, हिरवा, निळा आणि चौथा अल्फा, म्हणजे तो पिक्सेल किती झाकतो ते. जेपेगमध्ये, म्हणजेच जेपीजीत, या चौथ्या आकड्याला जागाच नाही, म्हणून पिलो सेव्ह करायला नकार देते. कन्व्हर्ट आरजीबीने तो आकडा नुसता टाकून दिला. कापलेल्या भागात पिक्सेल अदृश्य असले तरी त्यांच्या खाली रंग असतोच, आणि कटिंगची सॉफ्टवेअर तिथे बहुधा शून्य-शून्य-शून्य, म्हणजे काळा ठेवतात. अल्फा गेला की तो उघडा पडतो.

दात्यांचं कारणही तेच. चपलेच्या काठाचे पिक्सेल अर्धवट पारदर्शक असतात, त्यांचा अल्फा २५५ पैकी ६०, १२८, २०० असा असतो. त्यामुळेच वेणीची आणि शिलाईची कड मऊ दिसते. अल्फा टाकला की ते सगळे पिक्सेल पूर्ण रंगाने उभे राहतात आणि कड करवतीसारखी होते.

आधी पांढरा कागद तयार करा आणि त्यावर चप्पल ठेवा. फोटो उघडल्यावर त्याला कन्व्हर्ट आरजीबीए करा, मग फाइल कुठल्याही मोडची असो. इमेज डॉट न्यूने त्याच मापाचा आरजीबी फोटो बनवा, रंग २५५, २५५, २५५. मग पेस्ट करा, आणि पेस्टच्या तिसऱ्या जागी मास्क म्हणून तोच आरजीबीए फोटो पुन्हा द्या. ही तिसरी जागा रिकामी सोडली तर काळं बॅकग्राउंड परत येतं, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. त्यानंतर लहान करा आणि क्वालिटी ८५ ने सेव्ह करा.

काही फाइलींचा मोड पी दिसेल. त्या जास्तीत जास्त २५६ रंगांच्या यादीवर चालणाऱ्या पीएनजी. त्याही जेपेगमध्ये थेट जात नाहीत. शिवाय पी मोडमध्ये रिसाइझ केलं तर तुम्ही कुठलाही फिल्टर (नवे पिक्सेल काढायची पद्धत) दिलात तरी पिलो नीअरेस्टच वापरते, म्हणजे जवळचा एकच पिक्सेल उचलते, त्यामुळे चामड्याचा पोत खडबडीत होतो. म्हणून आरजीबीए करणं आधी, आकार बदलणं नंतर. पारदर्शकता वेबसाइटवर खरोखरच हवी असेल तर जेपेगचा हट्ट सोडून वेबपी फॉरमॅट वापरा, त्यात अल्फा राहतो.

प्रश्न: सेवा केंद्र चालवतो. बँक भरतीचे फॉर्म भरायला मुलं येतात. फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी लागते. पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली, तर रिसाइझला ‘फ्लोट ऑब्जेक्ट कॅनॉट बी इंटरप्रिटेड अ‍ॅज अ‍ॅन इंटिजर’. ते कसंबसं मिटवलं, तर आता साइट म्हणते फाइल फारच लहान आहे. शेवटच्या तारखेला रांग लागते, काय करावं कळेना झालंय.
— कागल

उत्तर: पहिली एरर भागाकाराची आहे. पायथन ३ मध्ये एक तिरपी रेघ देऊन भागलं की उत्तर नेहमी दशांशात येतं, अगदी ४०० भागिले २ केलं तरी २००.०. पिक्सेल अर्धा असत नाही, म्हणून रिसाइझ अडतं. राउंड करून पूर्णांक द्या. आणि माप कंसातल्या जोडीने द्या. रिसाइझला २०० आणि २३० सुटे दिलेत तर २३० हा आकडा फिल्टर समजला जातो आणि भलतीच एरर येते.

आता केबीचं. बँक भरतीची परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या सूचनांत फोटोसाठी २०० गुणिले २३० पिक्सेल आणि सहीसाठी १४० गुणिले ६० पिक्सेल ही पसंतीची मापं असतात. लोक ५० केबीच्या वर जाईल या धास्तीने क्वालिटी कमी करतात, पण इथे अडचण उलटी आहे. २०० गुणिले २३० म्हणजे अवघे ४६,००० पिक्सेल. पिलोची न सांगता लागणारी क्वालिटी ७५ असते, आणि साध्या भिंतीसमोर काढलेला एवढा फोटो त्या क्वालिटीला २० केबीच्या खालीच राहतो. म्हणून वरून खाली या. क्वालिटी ९५ ने सुरू करा, फाइल ५० केबीच्या वर असेल तर दर वेळी ५ ने उतरवा. ९५ लाही २० केबी भरत नसेल तर सबसॅम्पलिंग शून्य द्या. नेहमी जेपेग रंगाची माहिती निम्म्या बारकाव्याने ठेवतो, शून्य दिलं की पूर्ण ठेवतो आणि फाइल वाढते. तरीही कमी पडलं आणि जाहिरातीत मापाची सक्ती नसेल तर ३०० गुणिले ३४५ घ्या, प्रमाण तेच राहतं. क्वालिटी १०० च्या नादाला लागू नका. ९५ च्या वर फाइल फुगते, चेहरा काही सुधारत नाही.

प्रत्येक फेरीला डिस्कवर फाइल लिहायची गरज नाही. बाइट्स-आयओचा बफर, म्हणजे मेमरीतली तात्पुरती फाइल, घ्या, त्यात सेव्ह करा, गेट-व्हॅल्यूची लांबी मोजा, बसलं की मगच फाइल लिहा. मात्र फेरीगणिक बफर नवा हवा. जुन्याच बफरमध्ये सेव्ह करत गेलात तर नवी फाइल जुनीच्या मागे चिकटते आणि माप वाढतच जातं. आणखी एक: दर फेरीला मूळ आकार बदललेल्या फोटोवरूनच सेव्ह करा, आधीच्या फेरीच्या जेपेगवरून नको. प्रत्येक जेपेग आधीच्या जेपेगची घाण पुढे नेतो.

मोबाइलचा फोटो ३००० गुणिले ४००० चा असतो. तो नुसता २०० गुणिले २३० मध्ये दाबला तर चेहरा रुंद होतो आणि मुलाचा फॉर्म नाकारला जाण्याची पाळी येते. इमेज-ऑप्समधलं फिट वापरा, ते आधी कापतं आणि मग लहान करतं. इथे ३००० रुंदीला ३४५० उंची बसते, म्हणजे ५५० ओळी कापाव्या लागतात. सेंटरिंग मधोमध ठेवलं तर वरून २७५ जातात आणि डोक्याचे केस कापले जातात. सेंटरिंगचा दुसरा आकडा ०.२ दिलात तर वरून ११० आणि खालून ४४० जातात. सहीला फिट वापरू नका, अक्षर कापलं जाईल. तिथे पांढऱ्या १४० गुणिले ६० च्या कागदावर सही मावेल एवढी लहान करून मधोमध पेस्ट करा. इमेज-ऑप्सचं पॅड हेच काम करतं, फक्त रंग पांढरा सांगावा लागतो, नाहीतर कडेला काळं भरतं.

प्रश्न: फोनवर उभा दिसणारा फोटो स्क्रिप्टने लहान केला की आडवा पडतो. सगळे नाही, काहीच.
— जयसिंगपूर

उत्तर: फोन उभा धरलात तरी बरेचसे कॅमेरे पिक्सेल आडवेच लिहितात आणि सोबत एक खूण ठेवतात: एक्झिफमधली (फोटोसोबत साठवलेल्या माहितीतली) ओरिएंटेशन, टॅग क्रमांक २७४. त्यात ६ असेल तर दाखवताना घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवा असा अर्थ. गॅलरी ती खूण वाचते. रिसाइझ वाचत नाही, आणि पिलो जेपेग सेव्ह करताना एक्झिफ आपणहून पुढे नेत नाही. खूण गेली, पिक्सेल आडवे राहिले.

फोटो उघडल्याबरोबर, इतर काहीही करण्याआधी इमेज-ऑप्समधलं एक्झिफ-ट्रान्सपोज चालवा आणि ते जे परत देतं ते व्हेरिएबलमध्ये ठेवा. हाताने रोटेट ९० लिहू नका. पिलोचं रोटेट घड्याळाच्या उलट फिरवतं, आणि खूण ३ किंवा ८ असलेले फोटो आणखी बिघडतात. एक्झिफ मुद्दाम जपायचं ठरवलंत तर लक्षात घ्या, त्यासोबत फोटो काढल्याच्या जागेचे अक्षांश-रेखांशही जाऊ शकतात. दुसऱ्यांचे फोटो हाताळताना ते काढून टाकलेलेच बरे.

प्रश्न: मशीन शॉपमध्ये कास्टिंगच्या फोटोंवरून तपासणीचा प्रोग्रॅम करतोय, ओपनसीव्ही लायब्ररी आणि विंडोज. रिसाइझला ‘असर्शन फेल्ड’ आणि पुढे ‘एस-साइझ एम्प्टी’ असं काहीतरी येतं. फाइल फोल्डरमध्ये समोर दिसतेय. दुसऱ्या ठिकाणी इमराइट चालतं, एरर नाही, पण फाइलच तयार होत नाही.
— शिवाजी उद्यमनगर

उत्तर: दोन्ही ठिकाणी ओपनसीव्ही गप्प बसतं. इमरीडला फाइल वाचता आली नाही तर ते एरर देत नाही, नन, म्हणजे ‘काहीच नाही’, परत देतं. ते नन तसंच रिसाइझच्या हातात गेलं आणि ओरड तिथे झाली. इमराइटही फोल्डर सापडलं नाही तर फॉल्स परत देऊन मोकळं होतं. इमरीडनंतर लगेच नन आहे का बघा, इमराइटचं उत्तर तपासा, दोन्हीकडे स्वतः एरर उठवा. फोल्डर नसेल तर ओएस डॉट मेकडर्सने आधी करून घ्या.

फाइल समोर असूनही का वाचली जात नाही? तुम्ही पत्रात फोल्डरचं नाव ‘तपासणी’ असं देवनागरीत लिहिलं आहे, आणि विंडोजवर इमरीड अशा वाटेवर (फाइलच्या पाथवर) हमखास अडतं. मराठी नावं बदलायची गरज नाही. नमपाय या लायब्ररीच्या फ्रॉम-फाइलने बाइट्स वाचा आणि ओपनसीव्हीच्या इम-डीकोडला द्या. लिहिताना उलट करा: इम-एन्कोडने बाइट्स बनवा, टू-फाइलने लिहा. वाट देवनागरीत नसेल तरी उलटी तिरपी रेघ तपासा. डी ड्राइव्हवरच्या ‘न्यू’ नावाच्या फोल्डरची वाट साध्या अवतरणात लिहिली तर उलटी रेघ आणि एन मिळून नवी ओळ होते. अवतरणाआधी आर लावा किंवा सरळ तिरपी रेघ वापरा.

आकड्यांचा क्रमही बघा. शेप आधी उंची देतो, मग रुंदी. रिसाइझ आधी रुंदी मागतं. चौकोनी फोटोवर ही चूक कधीच पकडली जात नाही.

तुमच्या कामात मात्र यापेक्षा मोठा धोका आहे, आणि त्याला एररच येत नाही. ४००० पिक्सेल रुंद फोटो ५०० वर आणलात तर ८ गुणिले ८, म्हणजे ६४ पिक्सेलचा एक होतो. ओपनसीव्ही न सांगता इंटर-लिनिअर वापरतं. ते त्या ६४ पैकी जेमतेम चार पिक्सेल बघतं, बाकीचे वगळतं. केसाएवढी चीर त्या वगळलेल्यांत असली तर फोटोतून ती पूर्ण नाहीशी होते. लहान करताना इंटर-एरिया वापरा, ते सगळ्यांची सरासरी घेतं. तरीही एक पिक्सेल जाडीची चीर आठपटीने फिकट होते. म्हणून बारीक चीर किंवा ब्लोहोल (ओतकामात हवेने पडलेलं छिद्र) शोधायचं असेल तर फोटो लहान करूच नका, मूळ मापातच तुकडे पाडून तपासा. आणि ते तुकडे पीएनजीत ठेवा. जेपेग आठ बाय आठच्या चौकटींत दाबतो आणि चिरेभोवती खोटी सावली तयार करतो.

प्रश्न: पिलो अपडेट झाल्यापासून ‘इमेजमध्ये अँटीएलिअस नाही’ अशी एरर येते. कोड तीन वर्षं चालत होता.
— इचलकरंजी

उत्तर: २०२३ मध्ये आलेल्या पिलो १० मधून ते नाव काढलं आहे. त्या जागी इमेज डॉट लँक्झोस लिहा. फिल्टर तोच आहे, निकाल बदलणार नाही. आणि त्याच कोडमध्ये तुम्ही थंबनेलचं उत्तर व्हेरिएबलमध्ये ठेवलं आहे. थंबनेल मूळ फोटोच बदलतं आणि नन परत देतं, रिसाइझ मात्र नवा फोटो परत देतं. पुढची एरर ‘ननटाइपला सेव्ह नाही’ अशी येणार, ती आत्ताच दुरुस्त करा.

प्रश्न: फ्लेक्सचं डिझाइन करतो. गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर दाखवायला मोठ्या फाइलीची छोटी प्रत स्क्रिप्टने काढतो. कधी ‘डिकॉम्प्रेशन बॉम्ब’ म्हणून एरर येते, कधी ‘कॅनॉट राइट मोड सीएमवायके अ‍ॅज पीएनजी’. जेपेग केलं तर भगवा भडक दिसतो.
— लक्ष्मीपुरी

उत्तर: १० बाय २० फुटांचा बोर्ड १०० डीपीआयला, म्हणजे इंचाला १०० ठिपके, ठेवला तर १२,००० गुणिले २४,०००, म्हणजे २८ कोटी ८० लाख पिक्सेल. छोट्या फाइलीत प्रचंड फोटो कोंबून सर्व्हर पाडता येतो, म्हणून पिलो ८,९४,७८,४८५ पिक्सेलच्या वर ताकीद देते आणि त्याच्या दुपटीच्या वर फाइल उघडतच नाही. तुमचा बोर्ड त्या दुपटीच्याही पुढे आहे. फाइल तुमचीच आहे, म्हणून मॅक्स-इमेज-पिक्सेल्स वाढवून ३० कोटी करा. नन करून मर्यादाच काढून टाकू नका, आणि लोक बाहेरून फाइली चढवतात अशा वेबसाइटवर तर ही मर्यादा हलवूच नका. मेमरीचाही हिशोब ठेवा: सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंच्या मोडमध्ये) पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे हा एक फोटो उघडायला ११५ कोटी बाइट. जेपेग असेल तर रिसाइझऐवजी थंबनेल वापरा. ते वाचतानाच फोटो अर्धा, पाव किंवा एक अष्टमांश मापात उघडतं, आणि त्यामुळे मेमरी कमी लागते.

पीएनजीला सीएमवायके माहीतच नाही, म्हणून ती एरर. नुसतं कन्व्हर्ट आरजीबी केलं की पिलो साधं गणित करते, शाईचा प्रोफाइल, म्हणजे त्या शाईचे रंग प्रत्यक्षात कसे दिसतात त्याची नोंद, बघत नाही. म्हणून भगवा भडकतो. फोटोच्या इन्फोमध्ये आयसीसी प्रोफाइल आहे का बघा. असेल तर इमेज-सीएमएसच्या प्रोफाइल-टू-प्रोफाइलने एसआरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या नेहमीच्या रंगपद्धतीत, आणा. नसेल तर एक्स्पोर्ट करताना प्रोफाइल जोडायची खूण चालू करा. हे आधी फोटो लहान करून मग केलं तर काही क्षणांत होतं.

प्रश्न: सराफ दुकानांसाठी पीएचपीत वेबसाइट केली आहे. नव्या फोनने काढलेला साजाचा फोटो चढवला की पान पांढरं होतं. जुन्या फोनचे चालतात. फाइल ९ एमबीचीच आहे आणि अपलोडची मर्यादा २० एमबी केली आहे.
— गुजरी

उत्तर: पान पांढरं म्हणजे एरर झाली पण दाखवली नाही. सर्व्हरचा एरर लॉग उघडा, तिथे बहुधा ‘१३,४२,१७,७२८ बाइट संपले’ अशी ओळ असेल. ती पीएचपीची १२८ एमबीची मेमरी मर्यादा. फाइल ९ एमबीची असली तरी उघडल्यावर जीडी लायब्ररीत प्रत्येक पिक्सेल ४ बाइट घेतो. जुन्या फोनचा ४००० गुणिले ३००० चा फोटो ४६ एमबीत बसतो. ५० मेगापिक्सेलचा, म्हणजे ८१६० गुणिले ६१२० चा फोटो १९० एमबी मागतो.

गेट-इमेज-साइझ फोटो पूर्ण न उघडता फक्त माप वाचतं. त्याने रुंदी आणि उंची काढा, गुणाकाराला ४ ने गुणा, पाव भाग जादा धरा. मर्यादेत बसत नसेल तर तिथेच थांबून दुकानदाराला मराठीत सांगा: फोटो फार मोठा आहे, फोनमध्ये १२ मेगापिक्सेल निवडा. सर्व्हर तुमच्या ताब्यात असेल तर मेमरी-लिमिट २५६ एमबी करा. लहान करताना इमेज-कॉपी-रीसॅम्पल्ड वापरा. रीसाइझ्ड नावाच्या भावंडाने साजाची बारीक पानं आणि ठुशीचे मणी तुटक दिसतात. पीएनजी सेव्ह करताना दाबाचा आकडा ० ते ९ मध्येच द्या, जेपेगची सवय म्हणून ८५ लिहिलं की सेव्ह होत नाही.

प्रश्न: आयफोनवरून आलेल्या डॉट जेपीजी फाइलीवर पिलो म्हणते ‘कॅनॉट आयडेंटिफाय इमेज फाइल’. आणि मेमरीत बनवलेला फोटो क्लाउडवर चढवला की शून्य बाइटचा होतो.
— गडहिंग्लज

उत्तर: दुसऱ्याचं आधी. बफरमध्ये सेव्ह झाल्यावर वाचायचा काटा शेवटाला उभा असतो, तिथून पुढे काहीच नाही. चढवण्याआधी सीक शून्य करा.

पहिल्यात नाव जेपीजी असलं तरी आतली फाइल वेगळी आहे. पिलो उघडताना नाव बघत नाही, सुरुवातीचे बाइट्स बघते. फाइल बायनरी मोडमध्ये उघडून पहिले १२ बाइट्स प्रिंट करा. खरा जेपेग एफएफ, डी८, एफएफ ने सुरू होतो. पाचव्या बाइटपासून ‘एफटाइप’ अशी चार अक्षरं आणि पुढे ‘हाइक’ दिसलं तर तो आयफोनचा एचईआयसी फॉरमॅट, कुणीतरी फक्त नाव बदललं आहे. ‘एचटीएमएल’ दिसलं तर फोटोच्या जागी लॉगिनचं किंवा चुकीचं वेबपान डाउनलोड झालं आहे, तिथे डाउनलोडचा कोड तपासा. एचईआयसीसाठी पिलो-हाइफ हे पॅकेज इन्स्टॉल करा आणि प्रोग्रॅमच्या सुरुवातीला त्याचं रजिस्टर-हाइफ-ओपनर एकदा चालवा. नुसतं इन्स्टॉल करून रजिस्टर केलं नाही तर एरर तीच राहते.